जागा नसलेला ‘आ’

माझं तोंड फार चालतं, हे आख्ख्या गावाला माहीत आहे. बावीस वर्षं मी शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. रोज एकशे ऐंशी पोरांना वाढते आणि वाढता वाढता प्रत्येकाला काहीतरी ऐकवते. कुणाचे केस, कुणाची नवी सायकल, कुणाचं गणित. पोरं हसतात, मी हसते, रांग पुढे सरकते. सगळी मला तेता रेझका म्हणतात. आमच्याकडे मावशी, आत्या, काकू सगळ्यांना तेता हा एकच शब्द पुरतो, आणि मी स्वतःला खरोखरच सगळ्यांची तेता समजत होते. ही गोष्ट त्याच तोंडाची आहे. सांगायला मला मुळीच आवडत नाही. पण मी नाही सांगितली तर दुसरं कुणी सांगणार नाही, कारण त्यातलं निम्मं फक्त मलाच ठाऊक आहे.

गेल्या मार्चमध्ये आमच्या गावातला आन्झे गेला. सतरा वर्षांचा होता. शिकायला त्सेल्ये शहरात जायचा, शनिवारी घरी आला की अंगणात बसून अकॉर्डियन वाजवायचा. स्वतःच्या हाताने गेला. पण दफनाच्या दिवशी सगळे ‘हृदय’ म्हणत होते, म्हणून मीही हृदयच म्हटलं. सतरा वर्षांच्या पोराच्या हृदयाला काय धाड भरली होती, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. त्या दिवशी अग्निशमन दलाची छोटी तुकडी गणवेशात उभी होती. आमच्याकडे आग विझवायला गावचीच माणसं जातात आणि त्यांची पोरं सहा वर्षांची झाली की छोट्या तुकडीत भरती होतात. सगळ्यात पुढे झेंडा धरून योश्त होता. तेरा वर्षांचा, पण अंगाने चांगला थोराड. पोरगं काय ताठ उभं राहिलं हो, पापणी लवली नाही त्याची, असं आम्ही बायका पुढे दोन दिवस कॉफीवर बोलत होतो. योश्तचं घर आन्झेच्या शेजारी. अकॉर्डियन त्याला आन्झेनेच शिकवलं. हेही आम्हाला माहीत होतं. या दोन गोष्टी एकमेकींशी जोडून बघायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

सप्टेंबरमध्ये दलाच्या इमारतीत सभा भरली. सभा बोलावली येर्नेयाने. ती शाळेची समुपदेशक. बत्तीस वर्षांची, बारीक आवाजाची, आणि तीन शाळांत वाटून घेतलेली. आमच्या वाट्याला ती मंगळवारी आणि गुरुवारी यायची. ती म्हणाली, मुलं माझ्या दाराशी येत नाहीत, कारण माझं दार शिक्षकांच्या खोलीसमोर आहे, आणि आत कोण गेलं ते दुपारपर्यंत घरोघर पोचतं. यात खोटं काही नव्हतं. मग ठरलं की पत्रपेटी ठेवायची. मुलांनी मनातलं लिहून टाकायचं, नाव घालायचं नाही, खाली एखादी खूण काढायची. उत्तर त्याच खुणेच्या लिफाफ्यात वाचनालयाबाहेरच्या कप्प्यात मिळेल. वाचणारी माणसं तीन. एक येर्नेया, दुसरा बोगो आणि तिसरी मी. बोगो दलाचा प्रमुख आणि गावचा मधमाश्यावाला. मला घेतलं, कारण मी पोरांना ओळखते म्हणे.

पेटी बोगोनेच केली, मधमाश्यांच्या जुन्या खोक्याची. आमच्याकडे त्या खोक्यांच्या दर्शनी फळीवर चित्र रंगवायची रीत आहे. बोगोने रंगवलेलं चित्रही जुन्याच चालीचं होतं. दोन सैतान एका बाईच्या जिभेला सहाणेवर धार लावताहेत. बाईच्या डोक्याला माझा हिरवा रुमाल होता. सगळी सभा हसली, मीही हसले. चित्र बदला, असं येर्नेयाचं म्हणणं पडलं, पण मीच म्हटलं, राहू दे गं, पोरांना तेवढीच गंमत. जीभ जिथे संपत होती, त्याच्याच खाली माश्या आत शिरायची फट होती. पत्रं त्यातून टाकायची होती.

येर्नेयाने आम्हाला दोन शनिवार बसवून शिकवलं. पेटी फक्त मंगळवारी आणि गुरुवारी उघडायची, तिघं असतानाच. पत्र कुणाचं असेल याचा अंदाज बांधायचा नाही. काळजीचं पत्र आलंच तर कागदाबद्दल बोलायचं, पोरांबद्दल नाही. म्हणजे अक्षर कसं आहे, काय खोडलंय, काय गाळलंय. मी वहीत सगळं उतरवून घेतलं. मला शाळेत कधी एवढं नीट लिहून घेतल्याचं आठवत नाही.

आता मधेच एक बारीकशी गोष्ट सांगते. तेव्हा ती मला बारीकच वाटली होती. ऑक्टोबरचा पहिला आठवडा असेल. योश्त ताट घेऊन माझ्या वाढायच्या खिडकीशी आला आणि त्याचं सूप सगळं सांडलं. असं कुणाचं ना कुणाचं रोजच सांडतं. पण याच्या डोळ्यांतून एकदम घळाघळा पाणीच. एवढा थोराड पोरगा, मागे तीस जण रांगेत. मला वाटलं, हसवावं म्हणजे मोकळा होईल. मी म्हटलं, “अरे गड्या, एवढंसं सूप सांडलं नि मुलीसारखा रडतोस? थांब, तुला झगा शिवून देते, म्हणजे शोभेल तरी.” रांग खो खो हसली. योश्तही हसला. मी त्याच्या ताटात दोन श्त्रुकली जास्तीच्या घातल्या, पनीर भरलेल्या पिठाच्या गुंडाळ्या, त्याच्या आवडीच्या. त्याने ताट रिकामं करून परत दिलं आणि मला वाटलं, झालं, विषय मिटला.

पेटीत सुरुवातीला आलं ते गमतीचंच. गणिताच्या बाईंना सुट्टीवर पाठवा, जेवणात पालक नको. एका पोरीने लिहिलं की आईबाबा भांडतात तेव्हा ती कुत्र्याच्या घरात जाऊन बसते. येर्नेयाने तिला असं उत्तर लिहिलं की मी ते पुन्हा एकदा मागून घेऊन वाचलं. पेटी चालतेय, असं आम्हाला वाटू लागलं. बोगो दलात फुशारकी मारायचा की शेजारच्या गावांतून पेटी बघायला माणसं येणार आहेत.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी देशभरातल्या शाळांत मधाचा नाश्ता असतो. पाव, लोणी, मध, दूध आणि सफरचंद, सगळं आपापल्या गावचं. त्याच्या पुढच्या मंगळवारी ते पत्र निघालं. वहीचं अर्धं पान, पेन्सिलने लिहिलेलं. मजकूर असा होता: ‘मी थकले आहे. मी एकटी आहे, घरात सगळे असले तरी. रात्रभर झोपले तरी सकाळी थकलेलीच उठते. सगळ्यांना वाटतं माझं छान चाललंय. रोज सकाळी मनात येतं की मी नसते तर बरं झालं असतं. कुणाला सांगू नका.’ खाली खूण होती चार भोकांच्या बटणाची.

तिघांच्याही मनात आन्झेच होता. येर्नेयाचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज तिने धरून ठेवला. ती म्हणाली, या मुलीपर्यंत आपल्याला पोचायलाच हवं आणि लवकर पोचायला हवं. मग आम्हा दोघांकडे बघून म्हणाली, “कागदाबद्दल सांगा. तुम्हाला काय दिसतं?”

मला दिसलं होतं. हेच तर मला सांगायचं आहे. आमच्या भाषेत मुलगा थकला तर तो लिहितो ‘उत्रुयेन’, मुलगी थकली तर ‘उत्रुयेना’. मुलगा एकटा असला तर ‘साम’, मुलगी असली तर ‘सामा’. एका ‘आ’चा काय तो फरक. चष्मा कपाळावर सरकवून मी कागद खिडकीकडे धरला होता, आणि पहिल्या दोन वाक्यांतले ते दोन ‘आ’ मला दिसले. जागा नसताना घुसवलेले होते ते. आधीच्या आणि पुढच्या शब्दाच्या मधे चेंगरून बसवलेले, आणि पेन्सिल दाबून काढलेले. तिसऱ्या वाक्यापासून पुढचे सगळे ‘आ’ ऐसपैस होते. पोराने आधी सरळ लिहायला घेतलं, दोन वाक्यांनंतर थांबलं, मागे जाऊन ते दोन ‘आ’ कोंबले आणि मग मुलगी होऊन पुढे लिहिलं. हे सगळं एका नजरेत दिसत होतं. माझ्या डोक्यातून ‘मुलगा तर नसेल?’ असं येऊनही गेलं. पण लगेच मीच त्याला हाकलून दिलं. म्हटलं, मुलगे कसले असलं लिहितात.

कारण माझी मुलगी आधीच ठरली होती. मी म्हटलं, “कागद राहू दे. ही आयदा आहे.”

आयदा उन्हाळ्यात राजधानीतून, ल्युब्लियानाहून आलेली. आईवडील वेगळे झालेले, काळे कपडे, कानात सतत गाणी. माझ्या खिडकीशी यायची आणि अर्धं ताट परत द्यायची. मधाच्या नाश्त्याला तर तिने बोगोच्या मधाला बोटसुद्धा लावलं नाही. मधाकडे पाठ फिरवणारं पोर दुःखी नसेल तर दुसरं कोण, असं मी दोघांना ठासून सांगितलं. बोगोला ते लगेच पटलं, कारण मध त्याचा होता. येर्नेया म्हणाली, नाव घ्यायचं नाही असं आपलं ठरलं होतं ना? मग तिने पुन्हा विचारलं, “कागदावर काहीच नाही दिसलं?”

मी म्हटलं, नाही. घाईत लिहिलंय, एवढंच.

येर्नेयाने नियमाने केलं. बटणाच्या लिफाफ्यात उत्तर ठेवलं, मुख्याध्यापकांना कळवलं, वर्गशिक्षकांना लक्ष ठेवायला सांगितलं. मी मात्र नियम बासनात गुंडाळला. कुणाला काही बोलले नाही, शपथ आहे. फक्त चर्चच्या गायनमंडळात म्हटलं की त्या नव्या मुलीला जरा जवळ करा. एवढं पुरलं. आमचं गाव एकदा माया करायला लागलं की जीव घेतं. आयदाच्या दाराशी रोज कुणी ना कुणी केक घेऊन उभं. पाद्रीबुवांनी तिला घंटा वाजवायला बोलावलं. लोकनृत्याच्या बाई तिला मापाचा घागरा घेऊन गेल्या. रोज ताटाशी तिला मी विचारायची, बरी आहेस ना राणी, झोप लागते ना? पंधरा दिवसांनी एकदा ती ताट घेऊन उभी राहिली आणि सगळ्या रांगेसमोर म्हणाली की मी प्राण्यांचं काही खात नाही, मधसुद्धा नाही, मला दुसरं काहीही झालेलं नाही, आणि तुम्ही कृपा करून मला एकटं सोडाल का? रांगेत तिच्या मागे दोन पोरं सोडून योश्त उभा होता. त्याने त्या दिवशी जेवण घेतलं नाही. डिसेंबरात छोट्या तुकडीच्या धावण्याच्या स्पर्धा असतात, वजन कमी करत असेल, असं मला वाटलं.

दुसरं पत्र गुरुवारी आलं. बटण तेच. ‘आयदाला त्रास देऊ नका. ती मी नाही. ती खरंच मध खात नाही.’

असल्या पत्रावर माणसाने काय बोलावं? मी म्हटलं, बघा, पोरगी किती चलाख आहे ती. बोगोनेही मान डोलावली. येर्नेया पहिल्यांदाच माझ्यावर चिडली. तिचं म्हणणं, मूल सांगतंय त्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर पेटी कशाला ठेवली? ती आयदाच्या घरी जाऊन सगळ्यांच्या वतीने माफी मागून आली. मग तिने सातवी ते नववीच्या सगळ्या मुलींसाठी व्यायामशाळेत दोन तासांचं सत्र ठेवलं, त्सेल्येहून डॉक्टरीण बोलावली. सत्र फक्त मुलींसाठी, म्हणजे त्यांना मोकळं बोलता येईल. खुर्च्या लावायला मोठे मुलगे घेतले. योश्त एका वेळी चार-चार खुर्च्या उचलून आणत होता आणि गोल करून मांडत होता. मांडून झाल्यावर तो दाराशी रेंगाळला. मी चहाचं पिंप घेऊन आले होते, त्याला कप दिला आणि म्हटलं, “जा बाबा वर्गात, हे मुलींचं आहे. तुम्हा पुरुषांना काय धाड भरलीय?” त्याने चहा उभ्याउभ्या संपवला, कप मला आणून दिला आणि गेला.

त्या सत्रात तीन मुली बोलल्या, रडल्या. बटणवाली नव्हती. बटणवाली असणार कशी?

बुधवार होता, तेरा डिसेंबर. मधल्या सुट्टीचं खाणं आटोपलं होतं, साडेनऊ वाजून गेले असतील. मी भांडी भिजत घालून वाचनालयाकडे निघाले होते, तर तिथल्या पेटीच्या फटीतून कागदाचं टोक बाहेर आलेलं दिसलं. जाडजूड काहीतरी गुंडाळलं होतं, म्हणून अडकलेलं. पेटी उद्या उघडायची होती आणि किल्ली बोगोकडे होती. मी नियम मोडला आणि ते ओढून काढलं. आयुष्यात मोडलेला एवढा एकच नियम मला खुपत नाही.

कागदावर मोठ्या अक्षरात दोनच ओळी. ‘मी थकलो. आता कुणाला शोधू नका.’ उत्रुयेन. पुढे ‘आ’ नव्हता. तीन ‘आ’ मावतील एवढी मोकळी जागा होती, आणि ती तशीच सोडलेली होती. आत खरं बटण होतं, पितळी, दोऱ्यासकट तोडलेलं. छोट्या तुकडीच्या गणवेशाचं.

तुकडीत मोठे मुलगे बारा. बारापैकी अकरा ताटं सकाळी माझ्या हातून गेली होती. मी पोरांना नावाने नाही, ताटाने ओळखते. कोण काय टाकतं, कोण दुसऱ्यांदा येतं. योश्त पाच आठवडे दुसऱ्यांदा आला नव्हता, आणि त्या सकाळी तर आलाच नव्हता. मी ॲप्रनमध्येच आठवीच्या वर्गापर्यंत पळाले. बाई म्हणाल्या, पोट दुखतंय म्हणून घरी सोडलं, अर्धा तास झाला असेल. त्याच्या घरी फोन लावला, कुणी उचलला नाही. मग बोगोला लावला. मी एवढंच म्हटलं की बटण योश्तचं आहे. त्याने लगेच फोन ठेवला.

दलाचा भोंगा त्याने वाजवला नाही. नुसते फोन फिरवले. दहा मिनिटांत चौदा माणसं कामं टाकून बाहेर पडली. कुणी नदीच्या काठाने, कुणी बिअरसाठीचे हॉप्स वाळवायच्या कोठारांकडे, कुणी दफनभूमीकडे. मी शाळेच्या पायऱ्यांवर उभी होते, हातात बटण. येर्नेया दुसऱ्या शाळेतून निघाली होती. त्या पाऊण तासात मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. एवढं सांगते की माझ्या डोळ्यांसमोर ते दोन ‘आ’ होते, दुसरं काही नव्हतं.

तो बोगोच्याच मधमाश्यांच्या लाकडी खोलीत सापडला. उन्हाळ्यात तो आणि आन्झे तिथे मदतीला जायचे. हिवाळ्यात माश्या आत गोळा होऊन बसतात आणि खोक्याला कान लावला की त्यांची घरघर ऐकू येते. योश्त बाकावर बसून कान लावून होता. बोगो त्याच्या शेजारी जाऊन बसला. बऱ्याच वेळाने दोघं चालत बाहेर आले. पोराच्या खिशात काय होतं ते बोगोने मला कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्याच दुपारी येर्नेया आणि त्याची आई त्याला ल्युब्लियानाच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे तो सात आठवडे राहिला.

आणि आता जे सांगते त्याने मला सगळ्यात जास्त लाज वाटते. गाव म्हणायला लागलं, रेझकाने ओळखलं. रेझकाने पोर वाचवलं. जानेवारीत दलाची वार्षिक सभा झाली, तिथे मला स्टेजवर बोलावून लाल कार्नेशनचा गुच्छ दिला. योश्तच्या आईने माझे दोन्ही हात धरले. मी त्या गुच्छामागे तोंड लपवून उभी राहिले. बावीस वर्षांत या तोंडाने कधी विश्रांती घेतली नव्हती, आणि त्या दिवशी एक वाक्य बोलायचं होतं तर ते मिटून बसलं. लोकांना वाटलं, बिचारी गहिवरली. फुलं घरी नेऊन मी फुलदाणीत ठेवली नाहीत. पण फेकवलीही नाहीत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती तशीच वाळली.

आठवड्याभराने मी येर्नेयाला सांगितलं. तिच्या खोलीत, दार उघडं ठेवून. म्हटलं, ते दोन ‘आ’ मला नोव्हेंबरातच दिसले होते, तू दोनदा विचारलंस आणि दोनदा मी ते दडवलं. मला वाटलं, आता ती म्हणेल जाऊ द्या, तुमचा हेतू चांगला होता. ती तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, तीन आठवडे, तेता रेझका. तीन आठवडे ते मूल एकटं होतं. मग पुढे म्हणाली की मुलींचं सत्र मी ठेवलं, तो दोष माझा आहे, तो मी तुमच्यावर टाकणार नाही. माझा दोष मला ठेवून तिने तिचा स्वतःकडे घेतला. यापेक्षा तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

फेब्रुवारीत योश्त घरी आला. शाळेत अजून नाही, घरीच. मी श्त्रुकली केल्या, टॉवेलमध्ये गुंडाळल्या आणि गेले. रस्ता आठ मिनिटांचा आहे, मला अर्धा तास लागला. आन्झेच्या घरासमोर तर मी उभीच राहिले. त्याच्या आईने आम्हाला दोघांना स्वयंपाकघरात बसवलं आणि ती मुद्दाम बाहेर गेली. पोरगं बारीक झालं होतं. पण त्याने दोन श्त्रुकली खाल्ल्या, मला बरं वाटावं म्हणूनच खाल्ल्या असणार. मी इकडचं तिकडचं बोलत होते, हिवाळा, बर्फ, नवा ओव्हन. मग माझा मलाच कंटाळा आला आणि मी विचारलं की येर्नेयाचं उत्तर तुला मिळालं होतं ना?

“मिळालं,” तो म्हणाला. “छान होतं. पण ते दुसऱ्याच कुणाला तरी लिहिलेलं होतं. प्रिय मुली, असं.”

मी म्हटलं, “मग बाळा, तू तो ‘आ’ का घातलास?”

त्याने काट्याने ताटातला चुरा गोळा केला. तो रागावलेला नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. गणिताचं उदाहरण कसं सोडवलं ते सांगावं तसं तो सांगत होता. “आधी नव्हता घातला. दोन ओळी तशाच लिहिल्या होत्या. मग आठवलं की पत्रं तुम्ही वाचता. मुलगा आहे म्हटल्यावर तुम्ही हसाल असं वाटलं. झगा शिवून देते म्हणाला होतात ना. मग म्हटलं, मुलगीच होऊ. मुलीला तुम्ही हसणार नाही.”

मला उत्तर द्यायचं होतं. माफी मागायची होती, घरून निघताना पाठ केलेली. पण तोंडातून शब्द निघेना आणि डोळ्यांतून पाणी थांबेना. एकोणसाठ वर्षांची बाई, एका पोरापुढे नाकडोळे पुसत बसले होते, आणि हुंदके आवरता आवरत नव्हते.

योश्त हसला नाही. काही बोललाही नाही. टॉवेलचा कोरडा कोपरा त्याने माझ्याकडे सरकवला आणि माझं होईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. सूप सांडलं त्या दिवशी रांगेत मी एवढंच करायला हवं होतं.